चोर कोण, ते खेळापुरतं

मे महिन्याच्या सुट्टीत राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या उडवल्या नाहीत, असं घर विरळाच. चोराने चेहरा कोरा ठेवायचा आणि शिपायाने तो वाचायचा, एवढाच तो खेळ. 1986 च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदॉफने ‘माफिया’ रचला, त्याचा गाभाही हाच. फरक इतकाच, की तिथे चोर एकमेकांना ओळखतात आणि बाकीचे अंधारात चाचपडत बहुमताने कुणाला तरी बाहेर काढतात. 2018 मध्ये आलेल्या ‘अमंग अस’ने तो डाव अंतराळयानात नेला आणि 2020 च्या टाळेबंदीत घरोघरचे फोन त्यात अडकले.

दहिसरच्या रावळपाड्यातली आमची सोसायटीही त्यात होती. रात्री जेवणं आटोपली की आम्ही दहाजण फोनवर जमायचो. एका रात्री खेळातली सभा बसली. विजेच्या खोलीत कोण होतं, कुणी कुणाला पाहिलं, असा गलका चालू असताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, ‘‘वर्गणीचा हिशेब देतानाही तू असाच अडखळतोस.’’ ज्याला म्हणाला, तो आमच्या गणपतीचा खजिनदार. क्षणभर कुणी बोललं नाही, मग मतं पडली आणि खजिनदार बाहेर गेला. पाठोपाठ स्क्रीनवर ओळ आली, की तो चोर नव्हताच. खेळाने त्याला निर्दोष सोडलं, सोसायटीने नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर जुन्या पावत्या निघाल्या. हिशेब बरोबर निघाला, तरी त्याने वही परत केली आणि पुढच्या गणपतीत मंडपाकडे फिरकला नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. ओळखीच्या माणसांत खोटं पकडायचा खेळ खेळताना धोका खोट्याचा नसतो, आपल्याला एकमेकांचं जे खरं माहीत असतं त्याचा असतो. कोण कधी अडखळतो, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाकडे उधारी अडकलीय, हे सगळं हाताशी असतं आणि जिंकायच्या भरात ते वापरलं जातं. म्हणून डावाआधीच ठरवून घ्यावं, की पुरावा फक्त या डावातला. घर, नोकरी, पैसा, लग्न यातलं काही निघालं तर बोलणाऱ्याचं त्या फेरीचं मत बाद. एकाच माणसावर सलग संशय येत असेल तर डाव बदलावा. ज्यांच्यात खरंच काही धुमसतंय, त्या दोघांना त्या दिवशी हा खेळच देऊ नये. डाव संपला की कुणी काय लपवलं होतं ते हसत सांगायला पाच मिनिटं ठेवावीत. आमच्याकडे त्या रात्री सगळ्यांनी तडक फोन बंद केले होते.

अनोळखी लोकांत याच्या उलट. तिथे कुणाला तुमची उणीदुणी माहीत नसतात, पण उद्या तुमचं तोंड पाहायचं नसल्यामुळे कुणाला कसली भीडही नसते. चोराची भूमिका मिळाली नाही की माणसं पहिल्याच मिनिटाला निघून जातात, शिव्या घालतात, आणि काहीजण खेळायला आलेलेच नसतात. माझा भाचा आठवीत असताना गोळीबाराच्या एका सांघिक खेळात ‘रँडम’ भिडू घेऊन खेळायचा. त्यातला एक मराठी बोलणारा निघाला. ‘‘दहिसरचा? अरे, मी बोरिवलीचा!’’ एवढ्यावर पोरगं खूश. मग ईस्ट की वेस्ट, शाळा कुठली, घरी कोण असतं, असं एकेक निघत गेलं. शेवटी, ‘‘तुला एक स्किन गिफ्ट करतो, मम्मीच्या फोनवर ओटीपी येईल तो सांग.’’ भाच्याने सांगितला. त्यात पैसे गेले नाहीत, खेळाचं खातं गेलं. पण आमची झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. पोराची शाळा आणि घरी एकटं असण्याची वेळ त्या माणसाला ठाऊक झाली होती. आपली भाषा कानावर पडली की आपण सैल होतो, आणि हे अशा माणसाला पक्कं कळतं.

असं कुणाच्याही घरी होऊ शकतं. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागृती महिन्याच्या उद्घाटनाला अक्षयकुमारने आपल्या मुलीचा अनुभव सांगितला होता. ऑनलाइन खेळताना समोरच्या अनोळखी माणसाने आधी मुलगा की मुलगी ते विचारलं आणि मग थेट नग्न फोटो मागितले. मुलीने सगळं बंद केलं आणि आईला सांगितलं.

अनोळखी लोकांत खेळताना नावात आडनाव, जन्मसाल, शाळा नको. मुलांचा माइक बंद ठेवावा. खेळातली ओळख खेळातच राहू द्यावी; व्हॉट्सॲप नंबर मागितला की ब्लॉक. भेटवस्तू, ओटीपी, फोटो यांपैकी काहीही मागणारा भिडू नव्हे. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा, मुलांच्या बाबतीत काही घडलं तर 1098 आहे.

मग अनोळखी माणसांशी खेळूच नये का? माझे वडील चर्चगेटला नोकरीला होते. लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून मेंढीकोट चालायचं. भिडूंची घरं कुणी पाहिली नव्हती, काहींची आडनावंही माहीत नव्हती. तरी कुणी डाव अर्धा टाकून उठत नसे, कारण उद्या त्याच डब्यात चढायचं असे. शिवाय मेंढीकोटात भिडूला खूण करायला बंदी. दश्शी कुणाकडे असेल ते त्याच्या पानांवरून ताडायचं. ‘पँडेमिक’सारख्या आजच्या सहकाराच्या खेळांत एक शहाणा सगळ्यांचे डाव सांगत सुटतो आणि बाकीचे नुसती पानं टाकतात. मित्रमंडळींत हे हमखास होतं, कारण तो शहाणा कोण ते आधीच ठरलेलं असतं. तिथे मेंढीकोटाचाच नियम लावावा: ज्याची पाळी त्याने ठरवायचं, बाकीच्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

तेव्हा नवी माणसं असतील तर आधी सहकाराचा खेळ घ्यावा, आणि तोही पुन्हापुन्हा भेटणाऱ्या गटात. कोण कसा हरतो, हे दोन-चार बैठकांत कळतं. ते कळल्यावर चोर-शिपायाचा डाव मांडावा. घरातल्या मुलांना मात्र ‘जिंकलास का’ एवढंच विचारून थांबू नये. सोबत कोण होतं, काय बोलत होतं, तेही विचारावं. आणि उत्तर ऐकून लगेच फोन काढून घेऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी ते उत्तर मिळणार नाही.