सायकलला गेटच्या आत जागा मागा

आपल्या वस्तीतले कितीतरी जण सायकलने कामावर जातात. सफाई कामगार, वॉचमन, वॉर्डबॉय, धुणीभांडी करणाऱ्या काही बायासुद्धा. सायकल मात्र गेटबाहेर, खांबाला कुलूप लावून. एक दिवस ती चोरीला जाते. मग शेअर रिक्षा सुरू होते, रोजचे पैसे जातात आणि शरीराला मिळणारा एकुलता एक व्यायामही बंद पडतो. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. घर ते काम सायकलने 15 मिनिटे धरा, म्हणजे साधारण तीन किलोमीटर. जाऊन-येऊन 30. सहा दिवसांचे 180 झाले! वेगळा वेळ नको, फी नको. बीपी आणि शुगर आटोक्यात ठेवायला याची मदत होते. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. छातीत दुखते, लवकर धाप लागते त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. गुडघे दुखत असतील तर सीट बघा, बहुतेकांची फार खाली असते. पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे.

आता मालकाशी किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलणे. एकट्याने गेले की "जागा नाही" एवढेच ऐकून परतावे लागते. सायकलवाल्या सगळ्यांनी मिळून सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात आपले हाल कमी, त्यांचा फायदा जास्त लिहा: रिक्षाची वाट बघावी लागत नाही, माणूस वेळेवर येतो. जागा आधी स्वतः हेरून ठेवा, मागची भिंत किंवा शेडची कड. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात, हे मोजून दाखवा. जिना, बाहेर पडायचा रस्ता आणि विजेचा बोर्ड यांच्या आड सायकल येणार नाही, पावसाळ्यात चाके पुसून आत आणू, जाताना वॉचमनने पिशवी तपासली तरी चालेल, हेही अर्जातच लिहा. बॅटरीची सायकल असेल तर आत चार्जिंगचा आग्रह धरू नका. आगीच्या भीतीने सगळ्यांनाच नकार मिळेल.

एक महिना करून बघा, असे म्हटले की होकार सोपा जातो. तरीही नाहीच म्हणाले, तर निदान गेटला लागून, वॉचमनच्या नजरेसमोरची जागा मागा.