पिल्लाला तीच लस पुन्हापुन्हा का?

प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्र्याचे पिल्लू दत्तक घेतले, की त्याच्याबरोबर एक कार्डही हाती पडते. दिलेल्या लशींच्या तारखा त्यावर असतात, आणि पुढच्याही. पिल्लाचे कौतुक होते. कार्ड कपाटात जाते. ‘एकदा टोचली आहे की!’ असे म्हणून पुढची तारीख चुकवली, तर ते पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. असे का?

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या रक्तात रोगांशी लढणारी प्रतिपिंडे फारच थोडी असतात. ती मिळतात आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून. पण आतड्यातून ती रक्तात शिरण्याची वाट साधारण एका दिवसात बंद होते. तेवढ्यात जे पोटभर प्याले त्याचा साठा मोठा. धक्काबुक्कीत मागे पडले त्याचा लहान. साठा कसाही असो, तो उसना. दर आठ-दहा दिवसांनी तो निम्मा होतो.

गंमत अशी, की ही उसनी प्रतिपिंडे लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूंनाही निकामी करतात. मग पिल्लाचे शरीर स्वतःची प्रतिपिंडे करायला शिकतच नाही.

आता थोडे गणित करू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. समजा, प्रतिपिंडांची पातळी दर १० दिवसांनी निम्मी होते आणि ती २० एककांवर आल्यावरच लस लागू पडते. एकाच वेतातल्या एका पिल्लाची पातळी सुरुवातीला १६० आहे, दुसऱ्याची २५६०. पहिल्याची तीनदा निम्मी व्हायला हवी, म्हणजे ३० दिवस; दुसऱ्याची सातदा, म्हणजे ७० दिवस. ४५ व्या दिवशी दोघांना लस टोचली, तर पहिल्याला ती लागू पडेल, दुसऱ्याची वाया जाईल. आपले पिल्लू यांपैकी कोणते? निवाऱ्यातल्या पिल्लाची आईसुद्धा बहुधा कोणी पाहिलेली नसते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत लस देत राहतात.

त्यातून बाहेरचा विषाणू लशीतल्यापेक्षा दांडगा. लस लागू पडण्याइतकी पातळी उतरण्याआधीच तो रोग करू शकतो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू आतड्यावर हल्ला करतो. ओकाऱ्या आणि रक्ती जुलाबांनी पिल्लू काही दिवसांत दगावू शकते. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, चपलांच्या तळव्यांना चिकटून घरातही येतो. ‘डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नका’ असे डॉक्टर सांगतात ते यासाठी.

पण मग त्याला घरातच कोंडावे काय? १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या आवारात माणसांपासून दूर वाढलेल्या पिल्लांना वेगवेगळ्या वयांत एकेक आठवडा माणसांत आणले. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणसाचा सहवास मिळाला नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरी राहिली. ओळखी करून घेण्याचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत. लशींचा काळही नेमका तोच! भित्रे कुत्रे चावरे होण्याचा संभव अधिक, आणि चावरे कुत्रे पुष्कळदा निवाऱ्यात परत जाते.

यावर उपाय सोपा आहे. पिल्लाला कडेवर किंवा टोपलीत घेऊन हिंडवा. रिक्षा, शाळा सुटतानाची गर्दी, उघडणारी छत्री, कुकरची शिटी हे सारे त्याला कळू द्या. पाय मात्र रस्त्याला लागू देऊ नका. लशी पूर्ण झालेले शेजारचे निरोगी कुत्रे घरी आले तर उत्तमच.

रेबीजची लस सामान्यतः तीन महिन्यांनंतर देतात. खेळताना पिल्लाचा दात किंवा नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. ‘एवढेसे तर पिल्लू’ म्हणून घरी बसू नका.

आता वरच्याच उदाहरणातले तिसरे पिल्लू घ्या. त्याची पातळी सुरुवातीला ६४० होती आणि त्यालाही ४५ व्या दिवशी लस टोचली. ती लागू पडली का? कार्डावर पुढची तारीख ६६ व्या दिवसाची असेल, तर या तिघांपैकी कोणाला त्या दिवशीही उपयोग होणार नाही?