भरलेली कांडी

सोलापूरच्या नवी पेठेत दिवेलागणीच्या सुमारास गिऱ्हाइकांची मोठी वर्दळ असते. अशाच एका सायंकाळी सातवीतील एक मुलगा आपल्या मामांच्या चादरींच्या दुकानात शिरला आणि खेळाचे बूट कोपऱ्यात टाकून मुकाट्याने बसला. शाळेच्या फुटबॉल संघाची निवड त्याच दिवशी झाली होती.

"काय रे, संघात नाव आले ना?" मामांनी विचारले.

"आले, पण राखीव म्हणून. बाकीचे खेळणार आणि मी काठावर बसून पाहणार. मामा, उद्यापासून मी मैदानावर जाणार नाही."

मामांनी तरुणपणी मागावर काम केले होते. त्यांनी एक चादर उलगडून त्याच्यापुढे पसरली व म्हटले, "ही विणताना धोटा कसा धावतो, ते तू पाहिले आहेस. धोट्यातील कांडीचे सूत संपले की काय होते?"

"माग थांबतो."

"आणि शेजारच्या टोपलीत भरलेली कांडी तयार असली तर?"

"ती धोट्यात घालतात आणि माग पुन्हा चालू होतो."

"मग टोपलीतल्या त्या कांडीला तू बिनकामाची म्हणशील काय?"

मुलाला उत्तर सुचले नाही.

मुलांनो, मामांचा हा प्रश्न फुटबॉललाही लागू पडतो. मैदानावर एका संघाचे अकरा खेळाडू आपल्याला दिसतात. परंतु मोठ्या क्लबात त्यांच्या मागे राखीव संघ असतो आणि त्याच्याही मागे कुमारांचे व युवकांचे संघ असतात. लहान वयाच्या खेळाडूंना निवडून त्यांना खेळाबरोबरच आहार, शिस्त व शालेय शिक्षण देणाऱ्या संस्थेला अकादमी म्हणतात. तेथून मुख्य संघापर्यंतची वाट पायरीपायरीने चढावी लागते.

आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर हे फुटबॉलचे माहेरघर आहे. तेथे कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉललाही आपलेसे केले. खंडोबा, पाटाकडील, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की सारे शहर लोटते. पाटाकडील तालीम मंडळाने तर 'अ' आणि 'ब' असे दोन संघ मैदानात उतरविले आहेत.

याच कोल्हापुरात इ. स. २००० मध्ये जन्मलेला अनिकेत जाधव पुण्याजवळील बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा तो भारतीय संघातून खेळला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारत प्रथमच उतरला होता. आपल्या संघाने तिन्ही सामने गमावले. परंतु कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने भारताचा पहिला गोल नोंदविला. त्यानंतर या मुलांपैकी अनेकांना 'इंडियन ॲरोज' या केवळ तरुणांच्या संघातून प्रौढ खेळाडूंशी सामने खेळावयास मिळाले. अनिकेत पुढे जमशेदपूर व हैदराबाद येथील क्लबांकडून खेळला.

पुण्याच्या एका क्लबाची कथाही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २००७ साली स्थापन झालेल्या पुणे एफ. सी. या क्लबाने २०११ मध्ये अकादमी काढली. केरळातील मलप्पुरम जिल्ह्याचा आशिक कुरुनियन हा मुलगा तेथे शिकावयास आला. २०१६ साली स्पेनमधील व्हियारेआल या क्लबाच्या कनिष्ठ संघाबरोबर शिकण्याची संधी त्याला लाभली आणि २०१९ च्या आशियाई चषक स्पर्धेत तो भारताच्या मुख्य संघातून खेळला. मधल्या काळात, २०१५ मध्ये, पुणे एफ. सी. क्लब बंद पडला. त्याची अकादमी ज्या एफ. सी. पुणे सिटीने पुढे चालविली, तोही २०१९ मध्ये संपला. क्लब गेले, तेथे शिकलेली विद्या मात्र खेळाडूंच्या पायांत राहिली.

राखीव खेळाडूंचे मोल एका दुःखद प्रसंगाने साऱ्या जगाला पटविले. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड संघाचे विमान जर्मनीतील म्युनिच येथे उड्डाण करताना कोसळले. धावपट्टीवर बर्फाचा चिखल साचला होता. या अपघातात एकंदर तेवीस माणसे दगावली. त्यांत संघाचे आठ खेळाडू होते. प्रशिक्षक मॅट बझ्बी रुग्णालयात मृत्यूशी झुंजत होते. आता संघ उभा तरी कसा राहणार?

बझ्बींचे साहाय्यक जिमी मर्फी यांनी धीर सोडला नाही. अपघातातून वाचलेले दोघे, बाहेरून आणलेले दोघे आणि बाकी राखीव व युवक संघांतील मुले, असा संघ तेराव्या दिवशी मैदानात उतरला. सामन्याच्या छापील पत्रिकेत मँचेस्टरच्या खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्याच होत्या. राखीव संघातील शे ब्रेनन त्या दिवशी मुख्य संघातून पहिल्यांदाच खेळत होता. त्याने दोन गोल केले. तिसरा गोल सतरा वर्षांच्या ॲलेक्स डॉसनने केला. मँचेस्टरने सामना तीन–शून्य असा जिंकला. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, याच क्लबाने युरोपातील सर्वश्रेष्ठ क्लबाचा चषक पटकाविला, तेव्हाही ब्रेनन संघात होता.

परंतु एक कठोर सत्यही सांगितले पाहिजे. अकादमीत शिकणाऱ्या मुलांपैकी फार थोडी मुख्य संघापर्यंत पोहोचतात. कित्येकांना दुखापत होते, कित्येकांची निवड होत नाही. म्हणून चांगली अकादमी मुलाचे शिक्षण सुटू देत नाही. ज्याला मुख्य संघात जागा मिळाली नाही, तो प्रशिक्षक होईल, पंच होईल अथवा अगदी निराळा व्यवसाय करील. पण वेळ पाळणे, पराभव सोसणे आणि दुसऱ्याच्या यशात आनंद मानणे हे तेथे शिकलेले धडे त्याच्या उपयोगी पडतील.

नवी पेठेतील तो मुलगा बराच वेळ चादरीकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "पण मामा, माझी पाळी आलीच नाही तर?"

"न येईलही," मामा शांतपणे म्हणाले. "पण ती आली आणि कांडी रिकामी निघाली, तर दोष कोणाचा?"

मुलाने कोपऱ्यातील बूट उचलले, त्यांवरील माती झटकली आणि ते पिशवीत नीट ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पोहोचणाऱ्यांत तो पहिला होता.

शब्दार्थ : कांडी – आडव्या धाग्याचे सूत गुंडाळलेली नळी. धोटा – मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन. राखीव – वेळप्रसंगासाठी मागे ठेवलेला. माहेरघर – एखाद्या गोष्टीचे मुख्य स्थान.

स्वाध्याय
१. मामांनी राखीव खेळाडूला भरलेल्या कांडीची उपमा का दिली?
२. मँचेस्टरच्या पत्रिकेतील जागा कोऱ्या का राहिल्या असाव्यात?
३. 'क्लब गेले, विद्या राहिली' हे विधान उदाहरणाने स्पष्ट करा.
४. तुमची निवड राखीव म्हणून झाली, तर तुम्ही काय कराल? आठ-दहा ओळी लिहा.