रात्री एकट्याने जागणारी दुर्बीण : तिची साधने कशी निवडावी?

शाळेच्या गच्चीवर गुरूचे चंद्र पाहून खाली उतरताना इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, आपण सारे निजलो असता दुर्बिणीने आपण होऊन वेध घेतले, तर सकाळी येऊन नुसती चित्रे पाहता येतील ना?" प्रश्न बालसुलभ असला, तरी पोरकट नव्हता. पुढे पालकांनी ह्याच कामासाठी निधी उभारला, आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. निधी एकदाच मिळावयाचा. निवड चुकली, तर निदान ह्या विद्यार्थ्यांच्या शालेय आयुष्यात ती सुधारावयाची नाही. जो तो म्हणे, आरसा शक्य तितका मोठा घ्या. आमचे मत निराळे पडले, आणि त्याची कारणे येथे मांडीत आहोत.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. लडाखमधील हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर, २ मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण आहे. ती बंगळूरूजवळील होसकोटे येथे बसून उपग्रहामार्फत चालविता येते. तथापि आज्ञा देणारा मनुष्य जागाच असतो. ह्या प्रकारास दूरनियंत्रित दुर्बीण म्हणावे. त्याच हानले येथे भारतीय ताराभौतिकी संस्था आणि मुंबईची आय. आय. टी. ह्यांनी २०१८ साली ०.७ मीटर व्यासाची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण उभारली. कोणता तारा केव्हा पाहावयाचा हे ठरलेल्या यादीप्रमाणे संगणकच पाहतो. हिला स्वयंचलित म्हणावे. दुसऱ्या प्रकारात रात्री दोन वाजता काही अडले, तर ते सोडविण्यास जवळ कोणीही नसते. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना आम्ही एकच प्रश्न विचारीत गेलो : ही रात्री दोन वाजता बिघडली, तर काय होईल?

आता ह्या दुर्बिणीकडून काम कोणते घ्यावयाचे? आम्ही ताऱ्यांचे तेज मोजण्याचे काम निवडले. ययाती तारकासमूहातील अलगॉल हा रूपविकारी तारा २ दिवस, २० तास व ४९ मिनिटांनी मंद होतो, हे साध्या डोळ्यांनीही कळते. परंतु महाश्व म्हणजे पेगासस ह्या समूहात 'एच. डी. २०९४५८' नावाचा ७.६ प्रतीचा एक तारा आहे. त्याचा ग्रह दर साडेतीन दिवसांनी त्याच्यासमोरून जातो, आणि त्या वेळी ताऱ्याचे तेज सुमारे दीड टक्क्याने घटते. १९९९ साली हे अधिक्रमण प्रथम पाहण्यात आले. परक्या सूर्याचा ग्रह आपल्या गच्चीवरून 'मोजता' येतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांस वेड लावण्याजोगी आहे! मात्र हे ग्रहण सुमारे तीन तास चालते, आणि तेवढा वेळ तारा चित्रात जागच्या जागी राहिला पाहिजे. येथेच बैठकीचा, म्हणजे व्यवहारात ज्यास 'माउंट' म्हणतात त्या भागाचा, प्रश्न येतो.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळील तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. एका मिनिटाच्या छायाचित्रात हा सरक ९०० विकला, म्हणजे १५ कला, जवळजवळ चंद्रबिंबाच्या अर्ध्याइतका होतो. हा सरक काढून टाकण्यासाठी विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. मुंबईत तो क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर येईल. (ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे, तेव्हा नुसता तो पाहून अक्ष लावला, असे म्हणून चालत नाही.) मागील हिवाळ्यात आम्ही एका स्नेह्याची २०० मिलिमीटर आरशाची दुर्बीण उसनी आणून हलक्या बैठकीवर चढविली. डोळ्यांनी पाहता सारे झकास दिसले. छायाचित्रात मात्र प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट उमटला. वारा आला की तो दाणाही वाकडा! दोष आरशाचा नव्हता. बैठकीस तो भार पेलवत नव्हता. विक्रेता जो भार सांगतो, त्याच्या निम्म्याहून अधिक छायाचित्रणासाठी लादू नये, हा अनुभवी निरीक्षकांचा सल्ला आम्हांस तेव्हा पटला.

कोणी म्हणेल, संगणक आहे ना, तो चूक सुधारील. काही चुका तो खरोखर सुधारतो. दुर्बीण अर्धा अंश भलतीकडे वळली, तर संगणक एक चित्र घेऊन त्यातील ताऱ्यांची आकृती सूचीशी ताडून पाहतो, आपण कोठे आहोत हे काही सेकंदांत ओळखतो, आणि दुर्बीण योग्य जागी आणतो. तारा हळूहळू ढळत असेल, तर दुसरा लहान कॅमेरा त्यास सावरून धरतो. परंतु वाऱ्याने होणारी थरथर आणि चाकांतील ढिलाई ह्यांवर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून निधीतील सर्वांत मोठा वाटा बैठकीस द्यावा, असे आम्ही ठरविले.

कॅमेरा व दुर्बीण ह्यांची जोडी जुळवावी लागते. पिक्सेलची रुंदी मायक्रोमीटरमध्ये घेऊन तिला २०६ ने गुणावे व नाभीय अंतराच्या मिलिमीटरांनी भागावे. एक पिक्सेल आकाशाच्या किती विकला व्यापतो, ते निघते. ३.७६ मायक्रोमीटरचा पिक्सेल २००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीस लावला, तर उत्तर ०.३९ विकला येते. ४८० मिलिमीटरच्या लहान भिंगाच्या दुर्बिणीस लावला, तर १.६. आमच्या गच्चीवरून हवेच्या हालचालीने ताऱ्याचे बिंब दोनतीन विकला फुगतेच, मग ०.३९ चा बारकावा काय कामाचा? शिवाय लहान दुर्बिणीत आकाशाचा तुकडा मोठा दिसतो, आणि तुलनेसाठी लागणारे शेजारचे तारे एकाच चित्रात सापडतात. २०० मिलिमीटरचा आरसा ८० मिलिमीटरच्या भिंगाहून सहापट प्रकाश गोळा करतो, हे आम्ही नाकारीत नाही. अंधूक आकाशगंगा टिपावयाच्या असत्या, तर आम्ही वेगळे ठरविले असते. पण ७.६ प्रतीच्या ताऱ्यास ८० मिलिमीटर पुरते. किंबहुना प्रकाश अति होऊ नये, म्हणून चित्र मुद्दाम थोडे धूसर ठेवावे लागते. कॅमेरा मात्र रंगीत नको, कृष्णधवल हवा, आणि त्यास विजेने थंड करण्याची सोय हवी. तपमान सुमारे ६ अंशांनी उतरले की अंधारातही उमटणारा खोटा प्रकाश निम्मा होतो.

गारव्याने नळी आकसते, म्हणून चित्र स्पष्ट करणारी मोटार हवी. दव पडते, म्हणून भिंगाभोवती उबेची पट्टी हवी. खरेदीपूर्वी एवढे मात्र पाहावे की, प्रत्येक यंत्र 'ॲस्कॉम' किंवा 'इंडी' ह्या प्रचलित संगणकभाषांपैकी एक जाणते की नाही. न जाणणारे यंत्र कितीही स्वस्त असो, ते इतरांशी अबोला धरून बसेल.

राहिले छप्पर. शाळेच्या सुताराने पत्र्याचे सरकते छप्पर आधीच करून दिले होते व त्यास मोटार लावली होती. ऑक्टोबरात त्याची चाचणी चालू असता सर आली, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. छप्पर अर्ध्यावर अडले. चार मुलांनी ताडपत्री धरून टेबलावरील संगणक वाचविला. दुर्बीण त्या वेळी खाली नव्हती, हे सुदैव. त्या संध्याकाळनंतर आमच्या यादीचा क्रम बदलला. पावसाचा थेंब ओळखणारी पट्टी, तसेच आकाशाची उष्णता मोजून ढग ओळखणारे साधन (निरभ्र आकाश ढगाहून पुष्कळ थंड भासते) ही दोन्ही आता यादीत आहेत. त्यांचा इशारा इंटरनेटवरून फिरून येता कामा नये. संगणक थिजला, तरी एका स्वतंत्र साध्या मंडलाने छप्पर मिटले पाहिजे, आणि तेवढ्यापुरती वीज बॅटरीत राखून ठेवली पाहिजे.

ह्यात लहान दुर्बिणीचा आणखी एक गुण आम्हांस उशिराच कळला. मोठी नळी उभी असता छप्पर तिच्यावर आदळते; म्हणून ती आधी आडवी व्हावी लागते, आणि बैठक अडली असेल तर सारेच अडते. ८० मिलिमीटरची आखूड दुर्बीण कोणत्याही दिशेस रोखलेली असो, छप्पर तिच्या वरून सुखाने सरकते. मुलांनी पुठ्ठ्याची नळी करून, ती सर्व दिशांस फिरवून हे ताडून पाहिले आहे. वरकड उपाय फसलेच, तर छप्पर हाताने ओढण्याचा लोखंडी दांडा मोटारीशेजारी खिळ्यास टांगला आहे, आणि जिन्याच्या दाराची दुसरी किल्ली पहारेकरीदादांपाशी दिली आहे.