बेल कप काढण्याआधी

प्रश्न : मी चाकणला पेंट शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. रोबोटच्या स्प्रे गनचं हाय व्होल्टेज बंद केल्यावर बेल कप लगेच काढला तर चालतो का?

उत्तर : नाही. बेलवर 60 ते 90 हजार व्होल्ट असतात. स्विच बंद झाला तरी थोडा चार्ज मागे राहतो आणि थिनरची वाफ पेटायला तेवढी ठिणगी पुरते. आधी व्होल्टेज बंद ठेवूनच रंगाची लाइन थिनरने फ्लश करा. मग रंग आणि रोबोटही बंद करून तिन्हींना स्वतःचं कुलूप व टॅग लावा. अर्थिंग रॉडने बेल डिस्चार्ज करा.

कप फिरवणाऱ्या टर्बाइनची हवा बंद केल्यावरही कप काही वेळ गरगरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत बेअरिंगची हवा तोडू नका. नाहीतर बेअरिंग गेलंच म्हणून समजा. कप कंपनीच्या टूलनेच खोला, पकडीने नव्हे. साफ करायला मऊ ब्रश घ्या; कडेला बारीक चरा पडला तरी फवारा बिघडतो. टर्बाइन थिनरमध्ये बुडवू नका. जोडण्याआधी सगळे भाग खडखडीत वाळवा, कारण आत राहिलेल्या ओलीतून व्होल्टेज गळतं.