अळीचा फोटो पाठविताना तपशील जपा

नवापूर परिसरातील मका उत्पादक शेतकरी बंधूंनो, भारतात २०१८ साली प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी डोक्यावरील उलट्या ‘वाय’ खुणेवरून आणि शेपटीकडील चौकोनी मांडणीच्या चार ठिपक्यांवरून ओळखतात. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठविलेला फोटो आपोआप लहान होतो व ठिपके पुसट होतात. म्हणून तज्ज्ञांचा सल्ला घेताना पुढील काळजी घ्यावी.

१) अळीचा फोटो जवळून, स्थिर हाताने काढावा.

२) मूळ फोटो राखून त्याच्या प्रतीवरच काम करावे.

३) संपूर्ण फोटो लहान करण्याऐवजी भोवतालचा भाग कापून फक्त अळी ठेवावी. फाईल हलकी होते, ठिपके शाबूत राहतात.

४) फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

ओळख चुकल्यास फवारणीचा खर्च वाया जातो, हे ध्यानात ठेवावे.