शांततेतील शिक्षण, युद्धातील कसोटी

भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर स्थापन झाली. तिच्यापाशी अवघी चार वापिती विमाने व एकोणीस हवाई शिपाई होते. भारतीयांना विमाने चालविणे व दुरुस्त राखणे साधेल काय, याविषयी अनेक इंग्रज अधिकारी त्या काळी साशंक होते. तुकडीने या शंकेचे निरसन नित्याच्या सरावाने केले.

१९४२ मध्ये ती ब्रह्मदेशात गेली. लायसेंडर हे मुख्यतः टेहळणीचे विमान. तरीही त्याला बॉम्ब जोडून मजुमदार यांनी जपानी विमानतळावर हल्ला चढविला. परतल्यावर तुकडी हरिकेन विमाने शिकली आणि १९४४ मध्ये अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळच्या रणक्षेत्रात उतरली.

फाळणीनंतर १९५३ साली तिची हलवारा येथे पुनर्रचना झाली. १९६५ च्या युद्धारंभी देवय्या हे वैमानिकांचे शिक्षक होते. ते या तुकडीत दाखल झाले व ७ सप्टेंबर रोजी सरगोध्यावरील हल्ल्यात धारातीर्थी पडले. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

हा पाठ देताना शिक्षकांनी केवळ शौर्यकथा सांगून थांबू नये. नकाशात कराची, ब्रह्मदेश, इंफाळ व हलवारा ही स्थळे दाखवावीत. जमिनीवरील कारागिराच्या चोख कामावर वैमानिकाचे प्राण अवलंबून असतात, आणि युद्धातील यशाची तयारी शांततेच्या काळातच होते, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.